वैध ठरविणारा कोण?

इतिहास शिकविताना ‘लेजिटिमाइझ’ हे इंग्रजी क्रियापद आले की आम्ही तेथे थोडे थांबतो. लॅटिन भाषेत ‘लेक्स’ म्हणजे कायदा. त्यावरून ‘लेजिटिमेट’ शब्द आला. इंग्रजीत त्याचा जुना अर्थ औरस, म्हणजे कायदेशीर विवाहातून जन्मलेला. ‘लेजिटिमाइझ’ म्हणजे वैध ठरविणे, अधिमान्यता देणे. आपला ‘वैध’ हा शब्द ‘विधी’पासून झाला. विधी म्हणजे कायदा, तशीच धर्मशास्त्राची आज्ञाही. म्हणून अन्यायावर न्यायाचे वस्त्र चढविण्यालाही हेच क्रियापद वापरतात. मनुस्मृतीने विषमतेला अशीच अधिमान्यता दिली होती. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे त्या ग्रंथाचे दहन करून बाबासाहेबांनी ती नाकारली.

क्रियापद आले की कर्ता शोधावा, असे आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो. मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली बोले यांचा ठराव संमत करून सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. पुढच्याच वर्षी महाड नगरपालिकेने चवदार तळ्याविषयी तसाच ठराव केला. कागदावर हक्क वैध झाला. पाण्याला मात्र कोणी हात लावू शकत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी लोक बाबासाहेबांसोबत तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. उच्च न्यायालयाचा निर्णय १९३७ साली आला. आमच्या वर्ध्यात १९२८ साली जमनालाल बजाज यांनी लक्ष्मीनारायण मंदिर सर्वांस खुले केले. त्या काळी ते धाडसाचेच पाऊल होते. परंतु तेथे दार उघडणारा हात मंदिर चालविणाऱ्यांचा होता. महाडला ओंजळ आपली होती.

१९५६ साली नागपुरात धम्मदीक्षा घेताना आपल्या माणसांनी कोणाची संमती मागितली नाही. बौद्धांचा अनुसूचित जातींत समावेश करणारी दुरुस्ती संसदेने १९९० साली केली. मधल्या चौतीस वर्षांत आपण बौद्ध नव्हतो काय?

हा प्रश्न आजही वसतिगृहात येतो. काही वर्षांपूर्वी आमच्या एका हुशार विद्यार्थ्याचा प्रवेश जात वैधता प्रमाणपत्र वेळेत न मिळाल्याने हुकला. “सर, मी अवैध ठरलो,” असे तो म्हणाला. आम्ही त्याला म्हटले, “बाळा, समिती तपासते तो कागदावरचा दावा. तू कोण आहेस, हे ठरविण्याचा अधिकार तिला कोणी दिलेला नाही.”

तरीही कागदाची उपेक्षा करून चालणार नाही. तो हक्काचा आहे. पालकांनी आजोबा-पणजोबांच्या शाळेची दाखल-खारीज नोंद, १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या रहिवासाचा पुरावा वेळीच जुळवून ठेवावा. कुठे ‘महार’, कुठे ‘बौद्ध’ अशी नोंद असेल तर घाबरू नये. ती आपल्या धर्मांतराचीच साक्ष आहे. ज्या माजी विद्यार्थ्यांना या कामाची माहिती आहे, त्यांनी वर्षातून एक दिवस वसतिगृहासाठी द्यावा, एवढीच आमची विनंती आहे.