तात्यांचं खांड

तात्यांच्या खांडात जातिवंत म्हणावी अशी शेळी एकही नव्हती. एखादीला उस्मानाबादीचा काळाभोर रंग यायचा, तर तिच्याच जुळ्या बहिणीचे कान भलत्याच बोकडावर गेलेले. दवाखान्याच्या वहीत त्या सगळ्या 'गावठी'. तात्यांना त्याचं काही नव्हतं. बोकड ठेवायचा तर ते आधी त्याची आई बघत. जुळी देते का, दोन्ही पिल्लांना पाजते का, आणि मुख्य म्हणजे चालते का. "चालत न्हाई ती माझी न्हाई," म्हणायचे.

तात्या माझे चुलते. धनगराचं घर, पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाचा भंडारा कपाळाला. आज जिथं कागलची पंचतारांकित एमआयडीसी आहे, तिथला माळ हे त्यांचं चराऊ रान. मेंढरू खाली मान घालून गवत खातं, शेरडू मागच्या पायांवर उभं राहून बाभळी-बोरी ओरबाडतं, म्हणून दोन्ही एकाच रानात पोसतात. मेंढीला दूध उतरलं नाही तर कोकरू शेळीला लावायचं.

पण खांड चालायचं ते घोडी आणि कुत्र्याच्या जिवावर. घोडीच्या पाठीवर वाघूर म्हणजे रात्री खांड कोंडायची जाळी, भांडी, कोंबड्यांचं डालगं, आणि झोळीतून मुंडकी बाहेर काढलेली, वाटेत जन्मलेली करडं. पाऊस लागला की चिखलात खुरं सडतात, म्हणून हा सगळा संसार पूर्वेच्या कोरड्या माळांना निघायचा. सुगीनंतर शेतकरी लेंडीखतासाठी रानात खांड बसवून घ्यायचे, त्याचे धान्य नाहीतर पैसे मिळायचे.

कुत्र्याचं नाव काळ्या, पिल्लू असल्यापासून करडांत वाढलेला. विलायती कुत्र्यांसारखं कळप वळवणं त्याला येत नव्हतं. राखण, एवढंच काम. रात्री वाघुरीबाहेर झोपायचा, चालताना सगळ्यांत मागं. एखादी लंगडी शेळी बसली की तोही बसायचा, तिच्याकडं न बघता, जणू आपल्यालाच दम लागलाय.

कारखाने आले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझा पगार तिथल्याच एका फाउंड्रीतून येतो आणि तात्यांची शेवटची औषधं त्याच पगारातून आणली. पण कुंपणं पडली आणि चराईच्या दोन तुकड्यांमधून रस्ता गेला. खांड पार झालं असं समजून एका ट्रकवाल्यानं गाडी सोडली. मागं एक गाभण शेळी राहिली होती, तिच्यामागं काळ्या. शेळी वाचली.

तात्यांनी दुसरं पिल्लू आणलं. पण राखण जुनं कुत्रं शिकवतं, माणूस नाही. रात्रीची करडं नाहीशी व्हायला लागली. राखण नाही म्हणून लांब जाणं थांबलं, लांब जायचं नाही तर घोडी कशाला म्हणून घोडी विकली. मग शेरडं बाजारात उतरली. जातीची नव्हती, दर वजनावर ठरला. त्याच हिवाळ्यात तात्या गेले.

2025 च्या एप्रिलमध्ये कागल तालुक्यातल्या यमगेच्या बिरदेव डोणेंनी यूपीएससी काढली, तेव्हा ते मेंढरांमागं होते. फोटो घरोघरी फिरला. मला तात्यांची आठवण झाली. त्यांनी पोराचं कौतुक केलंच असतं, पण आधी विचारलं असतं, "कुत्रं कुठं दिसत न्हाई ते?"

कागलच्या आसपास अजूनही खांडं रस्ता ओलांडतात. तुमची गाडी अडली तर हॉर्न वाजवू नका. शेवटचं शेरडू पलीकडं गेलं तरी लगेच गिअर टाकू नका. मागं कुत्रं असतं.