पॅसेज रंगवणे आहे

‘घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून’ असं सांगून ठेवणाऱ्या आपल्या पूर्वजांच्या घरात पॅसेज नव्हता. ओटी होती, माजघर होतं, फार तर एखादा बोळ होता. आणि बोळाला रंग कुठला द्यायचा, या प्रश्नाने कुणाची झोप उडत नसे. पॅसेज ही फ्लॅटची देणगी. तिथे कुणी बसत नाही, जेवत नाही, झोपत नाही. नुसतं जायचं आणि यायचं. तरी बिल्डरने चौरस फुटाचा भाव मात्र हॉलचाच लावलेला असतो.

आमचा पॅसेज १४ फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद आहे. खिडकी नाही. डाव्या हाताला दोन बेडरूमची दारं, उजवीकडे सलग भिंत आणि शेवटी बाथरूम. दिव्याचं बटण हॉलच्या टोकाला नाही, बाथरूमच्या टोकाला आहे. म्हणजे आधी अंधारात चाचपडत पलीकडे पोचायचं आणि मग, आपण आलो कुठून, ते पाहायला दिवा लावायचा.

गेल्या वर्षी गणपतीआधी या पॅसेजला रंग द्यायचा ठरलं. मी बँकेतला कारकून. प्रथम हिशेब मांडला. भिंती २५२ चौरस फूट, वजा दारं ४२, अधिक छत ४९, एकूण २५९. बेरीज दोनदा तपासून मी समाधानाने पेन खाली ठेवलं. मला वाटलं, झालं काम.

माझ्या लहानपणी एवढ्यात खरोखरच झालं असतं. १९८०च्या दशकात आम्ही वाड्यात राहायचो आणि रंगाचा प्रश्न अण्णा, म्हणजे माझे वडील, एका पिंपात सोडवत. चुनकळी पाण्यात पडली की पिंप खदखदायला लागायचं. मग दुसऱ्या दिवशी त्यात थोडा सरस आणि चिमूटभर नीळ. नीळ कशाला, तर पांढरा अधिक पांढरा दिसावा म्हणून. एका दिवाळीला अण्णांची चिमूट चुकली आणि आम्ही वर्षभर गोकुळाष्टमीच्या देखाव्यात राहिल्यासारखे राहिलो. सरस कमी पडला तर भिंत पाठीला लागे. शाळेत पोरांच्या पाठी बघून कुणाकडे दिवाळीचं काम निघालंय ते कळायचं. रंगाच्या दुकानावर गट्टूची पाटी असे. आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ साली काढलेलं ते झुलपंवालं पोर, हातात ब्रश घेतलेलं. अण्णा म्हणत, “रंग सांडणारं पोर दाखवून रंग विकतात, यांचा काय भरवसा?”

आता अण्णांची चिमूट यंत्राकडे गेली आहे. पांढऱ्या बेसमध्ये यंत्र थेंब थेंब रंग सोडतं आणि डबा गदागदा हलवतं. छटा हजाराच्या वर. त्यांचं कार्ड मी घरी आणलं आणि आमच्या घरात लोकशाही नांदते हा माझा गैरसमज त्याच संध्याकाळी दूर झाला. मुलीने राखाडी निवडला, मुलाने गडद निळा. हिने हातातल्या कार्डावरचा एक बदामी निवडला, मग माझ्याकडे बघून “जाऊ दे” म्हणाली. मी पांढरा सुचवला, कारण तो स्वस्त. त्यावर कुणी मतही दिलं नाही.

जयपूरच्या महाराजा रामसिंगांनी १८७६ साली इंग्लंडचा युवराज येणार म्हणून अख्खं शहर गुलाबी रंगवून घेतलं म्हणतात. जमलं, कारण त्यांनी घरात विचारलं नसणार.

त्यात सगळे सल्ले देऊ लागले. कार्डावरचा बोटभर तुकडा भिंतीवर गेला की जास्त भडक दिसतो, तेव्हा मनातल्याहून एक पायरी फिकाच घ्यावा, हे दुकानदाराने सांगितलं ते खरं निघालं. दुसरं सत्य वरच्या मजल्यावर पाहायला मिळालं. पॅसेजच्या भिंती समोरासमोर आणि जवळ. एकीचा रंग दुसरीवर पडतो, दुसरीचा पहिलीवर. वरच्यांनी हौसेने लिंबू पिवळा दिला. तेव्हापासून त्यांच्या पॅसेजमधून बाहेर येणारा माणूस कावीळ झाल्यासारखा दिसतो. बाहेर आला की बरा होतो.

या सगळ्यात आई एकच वाक्य बोलत होती. “तुम्हाला आवडेल तो द्या. मला काय करायचंय?”

आणि प्रत्येक रंगात खोट काढत होती. पांढरा म्हटलं, तर दवाखान्यात आल्यासारखं वाटेल. निळ्यावर डास दिसणार नाहीत. फिका हिरवा म्हणजे सरकारी कचेरी. गुलाबी म्हटल्यावर ती फक्त “या वयात?” एवढंच म्हणाली, कुणाच्या, ते सांगितलं नाही. एरवी भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी न भांडणारी बाई रंगाच्या बाबतीत अशी का अडून बसली, मला कळेना. हिला कळलं होतं बहुतेक. पण ही मला अशा गोष्टी सांगत नाही. माझ्या लक्षात येईपर्यंत वाट पाहते. लग्नाला एकवीस वर्षं झाली. बऱ्याच गोष्टींची वाट ती अजून पाहते आहे.

शेवटी पेंटर आला. लांबी कुठे भरायची ते बघत उजव्या भिंतीवरून हात फिरवता फिरवता थांबला. बोटं हुंगली.

“साहेब, हे काय? तेल?”

मी दिवा लावून पाहिलं. कमरेच्या थोडं वर, सलग १४ फूट, हातभर रुंदीचा एक काळपट पट्टा. बाथरूमच्या दाराशी, बटणाजवळ, तो जास्त रुंद झालेला.

अण्णांचे गुडघे दुखायचे. रात्री झोपताना ते नारायण तेल चोळत आणि मग रात्रीतून दोनदा उठत. काठी घेत नसत, कारण तिच्या आवाजाने मुलं उठतील. कुणाला हाक मारत नसत. भिंतीला हात लावून जायचे आणि तसेच यायचे. २०११ साली ही भिंत रंगवली तीही त्यांच्याच देखरेखीखाली, आणि २०२२ साली ते गेले. वीस वर्षं लोकांच्या सह्या पडताळणारा माणूस मी. रोज त्या भिंतीवरून जात होतो.

आई बेडरूमच्या दारात उभी होती. म्हणाली, “तेवढी एक भिंत…” मग स्वतःच म्हणाली, “छे, वेडेपणा. येणारे-जाणारे काय म्हणतील! द्या रंग.”

“कुठला?” मी विचारलं.

“आहे तोच. त्यांनी आणलेला.”

दोन महिने आम्ही कार्ड चाळत होतो त्यात तो होता. तेराव्या पानावर. मळकट पांढरा म्हणा.

पेंटर म्हणाला, “ही भिंत सोड्याने धुऊन, पॉलिश पेपर मारून, वर ऑइल प्रायमर द्यावा लागेल. नुसता रंग दिला तर तेल वर येतं.”

“किती दिवसांत?” आईने विचारलं.

“दोन-चार महिन्यांत, आजी. कितीही हात मारा.”

“मग प्रायमर नको,” आई म्हणाली. “उगाच खर्च.”

पेंटर माझ्याकडे बघायला लागला. त्याच्या हाताखाली शिकणारं पोरगं आईकडे बघायला लागलं. पेंटर म्हणाला, “साहेब, माझं नाव खराब होईल. लोक म्हणतील, याला डाग झाकता येत नाही.” मी त्याला पॅसेजमध्ये नेऊन हळू आवाजात समजावलं. तो ऐकून घेता घेता डोक्याला बांधलेला रुमाल सोडून पुन्हा बांधत राहिला. मग न धुता, न घासता दोन हात मारून दिले. पाचशे रुपये मी नेहमीप्रमाणे मागे ठेवले. डाग आला तर कापून घ्यायचे, असा आमच्यात रिवाज आहे.

दिवाळी झाली. संक्रांत झाली. भिंत स्वच्छ. आई दुपारी सगळे बाहेर गेले की टॉर्च घेऊन तपासते, असं मुलीने सांगितलं. एकदा मी अवेळी घरी आलो तर ती खरोखरच बटणाजवळ वाकून उभी होती.

“याने गुपचूप प्रायमर मारला,” ती मला म्हणाली. “विचार त्याला.”

मी पेंटरला बोलावलं. त्याने शपथ घेतली. “नाही हो आजी! तेल आहे ते, कुठे जातंय? येईल. पावसाळ्यात नक्की येईल.”

“मग तोवर पाचशे रुपये मिळणार नाहीत,” आई म्हणाली.

पाकिटावर त्याचं नाव लिहून पैसे मी कपाटात ठेवलेत. महिन्याच्या एक तारखेला त्याचा फोन येतो. “साहेब, आला का?”