काही दिसत नाही

चि. चिमणीस,



तुझा जपानच्या प्रवासाचा तक्ता मिळाला. आठ दिवस, सतरा ठिकाणं आणि प्रत्येकापुढे मिनिटं. र्‍योआन-जीपुढे पंधरा मिनिटं वाचून हसू आलं, कारण त्या बागेत दगडही पंधराच आहेत; दगडामागे एक मिनिट, हिशोब चोख. पण इसेच्या ओळीवर काट मारून शेजारी तू जे तीन शब्द लिहिलेस, ‘काही दिसत नाही’, ते वाचल्यापासून मी अस्वस्थ आहे. वर तुझ्याबरोबर येणाऱ्या दादाने त्याखाली ‘बरोबर’ म्हणून शेरा मारलाय! तू विचारलं होतंस एवढंच, की दोघांसाठी रेल्वेचा पास काढावा का. त्याचं उत्तर देते, पण आधी या तीन शब्दांचं बघू. साऱ्या तक्त्याची गोम तिथेच आहे.

इसेला काही दिसत नाही, हे खरंच आहे. अमातेरासु या सूर्यदेवतेचं ते देऊळ एकाआत एक अशा चार कुंपणांच्या आत आहे, दारावर पांढरा पडदा, आणि समोरच्या पायऱ्यांपासून पुढे फोटोला मनाई. सामान्य भाविकाला दिसतं ते कुंपणावरून डोकावणारं छप्पर. शिवाय तू ज्याला जुनं म्हणशील तसं ते जुनंही नाही. इ.स. ६९० पासून दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर तसंच्या तसं नवं देऊळ उभारायचं आणि जुनं उतरवायचं, असा तिथला शिरस्ता आहे. मध्ये यादवीच्या काळात शंभरावर वर्षांचा खंड पडला, पण रीत मोडली नाही. २०१३ साली झालेली ही बांधणी बासष्टावी, पुढची २०३३ मध्ये. आता मला सांग, जिथे बघायला काही नाही तिथे त्या २०१३ सालात एक कोटीहून जास्त माणसं कशाला गेली? १८३० साली गावंच्या गावं कामधंदा टाकून इसेच्या वाटेला लागली होती, लाखोंनी, पायी. त्यांनाही छप्परच दिसलं. आषाढीला ज्याला गाभाऱ्यापर्यंत पोचता येत नाही तो वारकरी कळसाला हात जोडतो आणि घरी येऊन ‘दर्शन झालं’ म्हणतो. ‘काही दिसलं नाही’ असं म्हणालेला वारकरी तुला माहीत आहे का? पाहणं वेगळं आणि दर्शन वेगळं, हे तुला दुसऱ्या कुणी शिकवायला नको होतं.

आणि ही गोष्ट देवळापुरती असती तर मी इतकी कटकट केली नसती. जपानातली नावाजलेली स्थळं फार करून झाकण्याच्या कलेवर उभी आहेत. बागा आखणाऱ्यांचा तर तो पायाच: एकदम सगळं दाखवायचं नाही, थोडं दाखवायचं, लपवायचं, चालणाऱ्याला पुढे ओढायचं. क्योतोच्या कात्सुरा राजवाड्यात एका वाटेच्या टोकाला मुद्दाम एक पाईनचं झाड लावलंय, पुढचं तळं दिसू नये म्हणून! चहाचा आचार घालून देणाऱ्या सेन नो रिक्यूची गोष्ट याहून खट्याळ आहे. समुद्राकाठी बाग, आणि रिक्यूने समुद्राकडच्या बाजूला दाट कुंपण घातलं. पाहुणे हिरमुसले. मग चहाला जाण्याआधी हात धुवायला जो तो दगडी कुंडीपाशी वाकला आणि त्या वाकलेल्या डोळ्यांना पानांच्या फटीतून समुद्र दिसला. घडलेलं असो वा रचलेलं, सोळाव्या शतकातल्या माणसाची ही गोष्ट तिथे अजून सांगतात, कारण त्यांना ती पटते. र्‍योआन-जीच्या पडवीत कुठेही बसलीस तरी त्या पंधरांपैकी एखादा दगड दुसऱ्याच्या आड जातोच. म्हणून म्हणते, मिनिटामागे एक दगड हा तुझा हिशोब चौदावरच थांबेल. आमानोहाशिदातेची पाईनच्या झाडांनी भरलेली वाळूची लांब पट्टी डोंगरावरून बघायची तर तिच्याकडे पाठ करून, वाकून, स्वतःच्या पायांमधून बघायची अशी रीत आहे. तसं पाहिलं की ती पट्टी आभाळात चढल्यासारखी दिसते म्हणे. फुशिमी इनारीच्या हजारो शेंदरी कमानी चढताना कोऱ्या दिसतात. मागे वळलं की खांबाखांबावर दात्याचं नाव आणि तारीख. छायाचित्रं बहुतेक कोऱ्या बाजूची निघतात. ही सगळी स्थळं पाहणाऱ्याकडून काही ना काही मागून घेतात: वाकणं, बसणं, वळणं, थांबणं. तुझ्या तक्त्यात या कशालाही रकाना नाही.

यावर तू किंकाकु-जी पुढे करशील, मला माहीत आहे. सोन्याचा वर्ख दिलेला मंडप, समोर तळं, आडपडदा काही नाही. कबूल. १९५० च्या जुलैत एका तरुण भिक्षूने तो जाळला आणि आज दिसतो तो १९५५ साली उभा राहिलेला, हेही त्याच्याविरुद्ध म्हणून मी सांगणार नाही. इसेची बाजू घेऊन बोलणाऱ्याला तो आक्षेप शोभायचा नाही. तो सुंदरच आहे. पण जे एका जागेवरून सगळं दिसतं त्याचं एकच चित्र होतं, आणि एकच चित्र असलं की सगळ्यांना ते त्याच जागेवरून हवं असतं. २०२४ साली जपानात साडेतीन कोटींवर परदेशी पाहुणे आले. त्याच वर्षी मे महिन्यात फुजीच्या पायथ्याच्या फुजिकावागुचिको गावाने काय केलं ते वाच: एका दुकानाच्या छपरावर फुजी बसल्यासारखा दिसतो, त्या फोटोसाठी लोक रस्त्यात उभे राहायला लागले, कचरा टाकायला लागले, तेव्हा गावाने अडीच मीटर उंचीचं काळं जाळं लावून पर्वतच झाकला. रिक्यूने समुद्र झाकला तो पाहुण्याला दाखवण्यासाठी. या गावाने पर्वत झाकला तो पाहुण्यांना घालवण्यासाठी. क्योतोच्या गिओनमध्ये खाजगी गल्ल्यांच्या तोंडावर दहा हजार येन दंडाच्या पाट्या लागल्या त्याही त्याच वर्षी. तू काही रस्त्यात उभी राहणाऱ्यांतली नाहीस, माहीत आहे. पण तक्ता मात्र त्यांचाच आहे गं.

खरा आक्षेप वेगळा आहे आणि तो तू घेतला नाहीस म्हणून मला थोडं वाईटच वाटलं. झाकण्याचं एवढं कौतुक आपण करावं का? ज्या मुलखात काळाराम मंदिरासमोर सत्याग्रह करावा लागला, पंढरपूरच्या दारासाठी साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं, तिथल्या माणसाने ‘आत जाता येत नाही, किती छान’ म्हणणं हा कोडगेपणा नव्हे का? जपानातही ओमिने पर्वताच्या साञ्जोगाताके शिखरावर बायकांना आजही सोडत नाहीत, जागतिक वारशाच्या यादीत असूनही. त्याची भलामण मी करणार नाही. पण एखादी गोष्ट काहींपासून राखणं आणि सगळ्यांपासून राखणं यात जमीनअस्मानाचा फरक आहे. नागानोच्या झेन्को-जीतली मूळ मूर्ती तिथल्या पुजाऱ्यांच्याही दृष्टीला पडत नाही. काही वर्षांनी एकदा बाहेर येते ती तिची प्रतिकृती. तिथे कुणी आतला आणि कुणी बाहेरचा उरत नाही. ओमिनेला उरतो, आणि तो पावित्र्याचा भाग नव्हे, साधा हुकूम आहे. होर्‍यू-जीच्या बाबतीत मात्र माझं मलाच अडतं. तिथल्या देवळातली कान्नोन या बोधिसत्त्वाची मूर्ती शतकानुशतकं कापडात गुंडाळलेली होती. १८८४ साली फेनोलोसा आणि ओकाकुरा या कलेच्या अभ्यासकांनी ती उघडायला लावली, भिक्षू भूकंपाच्या धाकाने कापत असताना. (हाच ओकाकुरा पुढे भारतात आला, वेरूळ-अजिंठाही त्याने पाहिलं.) उघडली ते बरं केलं असंच मी म्हणेन. मग माझं सगळं म्हणणं ढासळतं का? मला तसं वाटत नाही. आजही ती वसंतात आणि शरदात ठरावीक दिवसच उघडतात, कुणालाही. वाट पाहायची अट सगळ्यांना सारखी. तू ऑगस्टात जाते आहेस, म्हणजे दार बंदच असेल. तिथेही काट मारू नकोस. सातव्या शतकापासून उभं असलेलं लाकूड पाहायला मिळेल, आणि तिथल्या भित्तिचित्रांची अजिंठ्याशी तुलना करतात. ती मात्र १९४९ च्या आगीत जळली. त्या आगीनंतर पुढच्याच वर्षी जपानने वारसा जपण्याचा कायदा केला.

‘आत्या, तू स्वतः कुठे गेली आहेस जपानला?’ हे तू म्हणणारच. नाही गेले. पण नोइन नावाचा एक जुना कवी होता. तिथे न जाताच शिराकावाच्या वेशीवर त्याने कविता केली आणि ती खरी वाटावी म्हणून घरात लपून, उन्हात तोंड रापवून, प्रवासाहून आल्याचं नाटक केलं, अशी त्याची कथा आहे. त्या वेशीच्या कवींत तो आजही मोजला जातो. आणि दुसरा कवी बाशो, तो तर प्रत्यक्ष मात्सुशिमाला गेला, १६८९ साली, आणि प्रवासवर्णनात त्या जागेवरचा स्वतःचा एकही हायकू त्याने दिला नाही. न पाहिलेल्यावर लिहिणं आणि पाहिलेल्यावर गप्प बसणं, दोन्हींना तिथे मान आहे. मी पहिल्यातली, तू निदान दुसऱ्यातली हो.

रजा आठच दिवसांची आहे, तिकिटं महाग आहेत, पुन्हा जाणं होईल न होईल, हे सगळं मला दिसतं. पण पुन्हा जाणं होणार नाही म्हणून सतरा ठिकाणं, हा हिशोब मला उलटा वाटतो. सहा ठेव. त्यांत सांजूसांगेन-दो असू दे. तिथे कान्नोनच्या एक हजार एक मूर्ती आहेत. त्यांत आपल्या ओळखीचा एखादा चेहरा सापडतो असं म्हणतात, आणि आत फोटो काढू देत नाहीत, तेव्हा शोधायला दोघांनाही सवड मिळेल. पुढच्या ओळीत गरुड बासरी वाजवत उभा आहे, दादाला दाखव.

आता पास. सात दिवसांचा पास २०२३ मध्ये पन्नास हजार येन झाला. तोक्यो-क्योतो जाऊन-येऊन त्याच्या निम्म्याहून थोडंच जास्त लागतं, तेव्हा घेऊ नकोस. इसेला जाणारी सोयीची गाडी खाजगी कंपनीची आहे, तिथे तो पास चालतही नाही. पण मला घोर पासचा नाही. तक्त्याच्या सहाव्या दिवशी तू ‘फुजी, रात्रभर चढून सूर्योदय’ लिहिलंयस. ३,७७६ मीटर, चिमणे, आणि बरोबर दादा! त्याच्या गुडघ्यांचं तुला सांगायला हवं का? योशिदाच्या वाटेवर मुक्कामाची झोपडी राखून ठेवली नसेल तर दुपारनंतर फाटकातून सोडतही नाहीत. ती ओळ काट, काट मारायची तर तिथे मार. ऑगस्टात क्योतो भट्टीसारखं तापतं. दुपारी त्याला फिरवू नकोस, आणि सारखे काढता-घालता येतील असे बूट घे, बऱ्याच देवळांत त्याला वाकावं लागेल. सर्दीच्या काही गोळ्यांना तिथे बंदी आहे. तो नेहमीची पिशवी न बघता टाकेल बॅगेत, तेव्हा ती आधी तू उघडून पाहा आणि कोणकोणत्या गोळ्या आहेत ते मला उद्याच्या उद्या कळव.

तुझी
आत्या