दिवा लागला, पण पंप चालेना

जुन्या मॉरिस मायनर मोटारीची किल्ली फिरवितांच, इंजिन सुरू होण्याआधीं, एक बारीक टिकटिक ऐकूं येते. ती तिच्या पेट्रोलपंपाची नाडीच होय. ॲलेक इसिगोनिस यांनीं आखलेली ही मोटार १९४८ सालीं प्रथम बाजारांत आली. आमच्या तीर्थरूपांनीं घेतलेली अद्याप आमच्या दारीं उभी आहे. हिच्या एस. यू. पंपांत विद्युच्चुंबक एक पडदा ओढतो, तेव्हां पेट्रोल आंत येतें. ओढ पुरी होतांच पॉइंट अलग होऊन प्रवाह तुटतो. मग स्प्रिंग पडदा परत ढकलते व पेट्रोल कार्बुरेटरकडे जातें. कार्बुरेटर भरला कीं टिकटिक आपोआप थांबते.

गेल्या रामनवमीस आम्ही सहकुटुंब जांब समर्थास निघालों. अंबडला मत्स्योदरीच्या टेकडीखालीं गाडी बंद पडली. टाकींत पेट्रोल असून टिकटिक फार जलद चालली असती, तर नळींत कोठें तरी हवा शिरते, असें समजलों असतों. येथें पंप मुकाच होता. चिरंजीवांनीं कागदाची पट्टी ओढून पॉइंट पुसले, व्यर्थ. पंपाला येणाऱ्या तारेस तपासणीचा दिवा लावला, तो लख्ख लागला. प्रवाह येतो, तरी पंप चालत नाहीं, तेव्हां पंपच बिघडला, असा निर्णय आम्हीं देऊन टाकला. महिन्यापूर्वीं जालन्यास ज्या तरुण कारागिरानें तो दुरुस्त केला होता, त्याला फोनवरून नको तें बोललों. “गुरुजी, मी येतों,” एवढेंच तो म्हणाला.

आल्यावर त्यानें पंप उघडलासुद्धां नाहीं. किल्ली बंद करून त्यानें एका सुट्या तारेचें एक टोक पंपाच्या धातूच्या अंगाला व दुसरें बॅटरीच्या अर्थच्या टोकाला बांधलें. किल्ली फिरवितांच टिकटिक सुरू झाली! प्रवाहाला येण्याइतकीच परतण्याची वाट लागते. दिव्याचें दुसरें टोक आम्हीं स्वच्छ पत्र्याला धरलें होतें, म्हणून त्याला वाट मिळाली. पंपाची अर्थची तार मात्र रंगावर आवळलेली होती. तो रंग पंधरा दिवसांपूर्वीं आम्हींच दुसरीकडे देवविला होता! स्क्रूच्या आट्यांतून कसाबसा जाणारा प्रवाह रस्त्याच्या हादऱ्यांनीं तुटला होता. त्यानें तेथला रंग खरवडला, तार घट्ट केली आणि काम झालें.

पंप निर्दोष असतांहि दिवा लागतोच. मग दिवा लागण्यावरून पंपाचा दोष कसा सिद्ध व्हावा? यालाच नैयायिक सव्यभिचार हेतु म्हणतात. जन्मभर मुलांना शहाणपण शिकविणाऱ्या आम्हांस तो भर रस्त्यांत ओळखतां आला नाहीं.

जांबास पोहोंचलों तेव्हां रामजन्म होऊन गेला होता. त्याची हळहळ पुढें ओसरली. दुसऱ्या दिवशीं त्या कारागिराच्या दुकानीं जाऊन, “चूक आमची होती,” असें चार माणसांदेखत सांगितलें. तो संकोचून म्हणाला, “गुरुजी, आधीं चहा घ्या.” पंप सोडविण्यापूर्वीं परतीची तार पाहावी, हें वाचकांस सांगावयाचेंच; पण माणसाला बोल लावण्यापूर्वीं ती अधिकच पाहावी.