पंधरा दिवसांचा विद्यार्थी

गेल्या ज्येष्ठांत पुतण्याकडे पुण्यास जावयाचें होतें. निघतांना सूनबाईंनीं विळी पिशवींत घातली. निरगुडसरास घिसाडी येईनासे झाल्यास वर्षें लोटलीं. तेव्हां "तिकडे कोणी भेटला तर धार लावून आणा" अशी आज्ञा झाली. आमच्या लहानपणीं सुगीच्या आधीं त्यांच्या गाड्या येत. नवरा सांडशीनें तांबडें लोखंड ऐरणीवर धरी आणि बायको घण घाली. आमची आजी विळी, अडकित्ता, खुरपीं सारें त्यांच्याकडूनच करून घेई. मात्र पालें पडलीं कीं अंगणांतलीं भांडीं मोजून आंत नेई.

पुण्यांत एका उड्डाणपुलाखालीं तीं माणसें भेटलीं. भात्याच्या जागीं हातानें फिरवावयाचा पंखा आला आहे, एवढाच फरक. विळी हातीं घेणारा पन्नाशीच्या आसपासचा गृहस्थ माझ्याकडे पाहातच राहिला. "गुरुजी, वळखलं का? मला अडीचकी अजून येती."

1986 सालीं मी दुसऱ्या एका गांवीं शिक्षक असतांना त्याच्या बापाचें पाल शाळेमागें पंधरा दिवस होतें. पोर खिडकींतून डोकावे, म्हणून मीं त्याला आंत बसविलें, आणि तेवढ्या औदार्यावर संतुष्ट राहिलों. नांव मात्र पटावर घातलें नाहीं. पक्षभरांत जाणारें पोर. त्याचें नांव घालावें, गैरहजेऱ्या मांडाव्या, मग कमी करावें, ही उठाठेव कोणीं करावी? नियमाचें मीं कारण दिलें. खरें कारण आळस.

आतां त्याची मुलगी बारावी झाली आहे व परिचारिकेचें शिक्षण घेऊं इच्छिते. त्यासाठीं भटक्या जमातीचा दाखला हवा, आणि दाखल्यास 21 नोव्हेंबर 1961 पूर्वींपासून कुटुंब महाराष्ट्रांत राहात असल्याचा पुरावा हवा. त्या दिवशीं तिच्या पणजोबांचें पाल मंचरास होतें कीं ओतुरास, हें कोण सांगणार? कागद नसल्यास गृहचौकशी करितां येते म्हणतात. पण गृहच नाहीं तेथें चौकशी कशाची! बापाचें नांव व जात एखाद्या शाळेच्या पटावर असती तर मोठा आधार झाला असता. "तुमच्या शाळेत होतो ना मी, गुरुजी?" तो म्हणाला. मीं मान खालीं घातली.

फिरस्त्यांकडे संशयानें पाहाण्याची रीत जुनी आहे. इंग्रज सरकारनें 1871 च्या कायद्यानें जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. सोलापुरास त्यांना तारेच्या कुंपणांत कोंडिलें. मुंबई प्रांतांतून 1949 सालीं व साऱ्या देशांतून 31 ऑगस्ट 1952 रोजीं तो कायदा गेला. त्या जमातींस आपण विमुक्त म्हणतों. घिसाडी भटक्यांत मोडतात. परंतु पोलिसांची नजर, आणि आमच्या आजीचीहि, हा भेद कधीं जाणत नव्हती.

परतीच्या एस्. टी. त मला युरोपांतल्या रोमा लोकांची आठवण झाली. तेहि लोहारकाम करीत, गाड्यांतून फिरत, आणि आज अनेक मोठ्या शहरांच्या कडेस राहातात. ते मूळचे कोठले याचा उलगडा त्यांच्या भाषेनें केला; र्‍यूडिगर नांवाच्या जर्मन पंडितानें 1782 सालीं तिचें हिंदुस्थानी भाषांशीं नातें दाखविलें. पाण्यास ते पानी म्हणतात, मिठास लोन म्हणजे आपलें लवण, माणसास मनुष, नाकास नाक. संस्कृत शिकवितांना हीं उदाहरणें मीं मोठ्या अभिमानानें फळ्यावर लिहीत असें. हजार वर्षांपूर्वीं गेलेल्यांचा पुरावा चार शब्दांत सांपडतो, आणि माझ्यासमोर पाटी घेऊन बसलेल्या पोराचा पुरावा मीं एक ओळ लिहिण्याच्या कंटाळ्यानें राहूं दिला!

तेव्हांच बसून त्याला एका कागदावर सर्व हकीकत लिहून दिली आहे. कचेरींत त्या कागदाची किंमत कितपत होईल, याची मला शंकाच आहे. त्या गांवचे तेव्हांचे दोघे-तिघे वडीलधारे अद्याप हयात आहेत. त्यांच्या सह्या मिळतात काय, हें पाहाण्यास येत्या सोमवारीं तिकडे जाणार आहें. विळीचे पैसे त्यानें घेतले, हें मला बरें वाटलें.