उलवे: नदी, डोंगर आणि गाव

उलवे म्हटलं की आज उंच इमारती आणि सेक्टरचे क्रमांक डोळ्यांसमोर येतात. त्याआधी ते एका नदीचं, एका डोंगराचं आणि त्यांच्या कुशीतल्या गावाचं नाव होतं.

पनवेलच्या खाडीला मिळणारी ही लहानशी नदी. पावसाळ्यात ती गढूळ गोडं पाणी आणायची आणि भरती आली की खाडीचं खारं पाणी तिच्या पात्रात चढायचं. या दोन पाण्यांच्या हद्दीवर आगरी-कोळी माणसांनी संसार मांडला. खाडीकाठच्या खाजणाला मातीचे बांध घातले, बांधांत पाणी सोडायच्या झडपा, म्हणजे उघड्या, बसवल्या आणि खारं पाणी थोपवून भात पिकवला. बांध फुटला की शेतात मीठ शिरे, म्हणून बांधाची राखण सगळ्या गावाची असे. भात होत नसे तिथे मिठागरं. खाडीत जिताडा, निवट्या, कोळंबी, चिंबोरी. मोठ्या भरतीचं उधाण कधी, लहान भरतीचा भांग कधी, हे तिथीवरून कळे आणि कामाचा दिवस त्यावर ठरे.

१९७० साली नवं शहर वसवणारी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली. नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी संपादनात आल्या. मोबदला तुटपुंजा होता. जवळच्याच जासईचे नेते दि. बा. पाटील त्याविरुद्ध उभे राहिले. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरातल्या आंदोलनावर गोळीबार झाला, पाच शेतकरी हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व या लढ्यातून आलं. पुढे इथे नवी मुंबईचा विमानतळ आला तेव्हा विमानतळग्रस्तांना साडेबावीस टक्के देण्याचं ठरलं, त्यामागेही हाच लढा होता.

विमानतळाला १,१६० हेक्टर जागा लागली. वाटेतला उलव्याचा डोंगर सुरुंगांनी फोडला आणि त्याच्याच दगडमातीने सखल खाजणं भरली. नदीला नवा प्रवाह खणून दिला. उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, चिंचपाडा, कोल्ही, कोपर अशा दहा गावांतली हजारो माणसं घरं आणि देवळं मागे ठेवून उठली. ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं. गाव उठलं तरी तरघरचं नाव रेल्वे स्टेशनला मिळालं, आणि उलव्याचं नाव खाडीकाठच्या नव्या शहराला.

विमानतळाला माझा विरोध नाही. इथल्या मुलांना त्यात कामं मिळावीत, ही इच्छाच आहे. पण डोंगर हलवता आला तरी भरती हलवता येत नाही. भराव पडू लागला तेव्हा शेजारच्या डुंगी गावात पावसाचं पाणी शिरू लागलं. पूर्वी जे पाणी खाजणात पसरून जिरायचं, त्याला जागा उरली नव्हती. बांध घालणाऱ्या शेतकऱ्याला हे ठाऊक होतं. तो पाणी अडवायचा, पण उघडीही ठेवायचा.

म्हणून उलव्यात नव्याने राहायला आलेल्यांना एवढंच सांगणं आहे. आपण खाजणावर राहतो, हे विसरू नका. उरलेली खारफुटी तोडू देऊ नका, नाल्यांत राडारोडा टाकू देऊ नका. उठलेल्या गावांतल्या म्हाताऱ्या माणसांना नदीची जुनी वाट विचारा, ती लिहून ठेवा आणि इथल्या शाळांमधून मुलांना शिकवा.