वाळवंटातला शंख

भाईचा फोन नेहमीसारखाच थोडक्यात होता. "बाय, मार्चमध्ये एक्झिट घेतोय. शारजा बघायचं असेल तर दिवाळीच्या सुट्टीत ये. नंतर तुला फिरवायला मी नसेन."

भाई 27 वर्षं तिथे आहे. एसी दुरुस्तीचं काम करतो. इतक्या वर्षांत मी एकदाही गेले नव्हते. आमच्या कोकणातल्या मुस्लिम वस्त्यांमध्ये आखात आधी बॅगेतून भेटतं. टँगचा डबा, साबणाच्या वड्या, अत्तर, खजूर, जाड ब्लँकेट. बॅग उघडली की घरभर तिकडचा वास पसरायचा. तिथली जमीन कशी आहे, हे मात्र मी भाईला कधीच विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.

मामेबहिणीकडे उतरले. पहिले दोन दिवस मॉल, कॉर्निश आणि उंच इमारती पाहण्यात गेले. तिसऱ्या दिवशी म्हटलं, "भाई, मला वाळवंट बघायचंय. मेलिहाजवळ फॉसिल रॉक नावाचा एक डोंगर आहे म्हणतात."

भाई हसला. "कल्ब्याला कामाला जाताना त्या बाजूने शंभरदा गेलोय. पाटी पाहिली आहे. गाडी कधी थांबवली नाही."

मेलिहा शारजा शहराच्या पूर्वेला, गाडीने तासाभरावर आहे. तिथे 2016 साली सुरू झालेलं पुरातत्त्व केंद्र आहे. त्याच्या आवारात चार हजार वर्षांहून जुनी, दगडांनी गोल बांधलेली कबर आहे. शेजारच्या फाया डोंगराच्या कपारीत माणसाची दगडी हत्यारं सापडली. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यातल्या सर्वांत जुन्या हत्यारांचं वय सुमारे सव्वा लाख वर्षं सांगितलं आहे. फायाचा हा परिसर 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. भाई हे सगळं वाचत उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "आणि आम्ही समजत होतो, तेल निघेपर्यंत इथे काही नव्हतंच."

केंद्रातून वाटाड्या घेतला. जीपने वाळूच्या टेकड्या ओलांडून त्याने आम्हाला डोंगराच्या पायथ्याशी सोडलं. इथली वाळू पिवळी नाही, तांबडी आहे. पाहिल्याबरोबर मला आमच्या जांभ्याच्या चिऱ्यांची आठवण झाली. कारणही एकच आहे. जांभ्याला लाल करतं ते लोहाचं गंजलेलं रूप या वाळूच्या कणांवरही बसलेलं असतं. या तांबड्या वाळूतून करड्या चुनखडीचा डोंगर एकदम वर आलेला दिसतो. झाड जवळजवळ नाहीच. कुठेतरी एखादं काटेरी खुरटं झुडूप.

वाट तशी छोटी. पण सुरुवातीला वाळूत पाय दोन पावलं पुढे जातो आणि एक मागे घसरतो. पुढे सुटे दगड लागतात. भाईच्या गुडघ्यांना आता चढ सोसत नाही, म्हणून आम्ही थांबत थांबत गेलो. पाठीवर हत्यारांची पिशवी न घेता उन्हात चालायची ही पहिलीच वेळ, असं तो म्हणाला. नोव्हेंबर होता, ऊन सोसवत होतं. जुलैमध्ये याच उन्हात तो गच्च्यांवर चढून यंत्रं उघडत आला आहे.

अर्ध्या वाटेवर वाटाड्याने एका दगडाकडे बोट दाखवलं. आधी मला नुसता खडबडीतपणा दिसला. मग डोळे सरावले आणि दगडात शंख दिसू लागला. पीळ स्पष्ट, टोक तुटलेलं. शेजारी शिंपल्याची अर्धी कड. पुढे एक गोल, ठिपक्यांच्या रेघा असलेला जीव, ज्याला सी अर्चिन म्हणतात. मग जिथे पाहावं तिथे तेच. आमच्या खाडीवर ओहोटीला कालवं काढायला जाणाऱ्या बायकांच्या पायाखाली जसे शिंपले असतात, तसे. फक्त समुद्र नाही.

साधारण सात कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ, उबदार समुद्र होता. त्यातले जीव मेले, तळाच्या गाळात गाडले गेले आणि गाळाची चुनखडी झाली. पुढे जमीन वर उचलली गेली, समुद्र मागे हटला. पूर्वेला दिसणाऱ्या हजर पर्वताचे काळपट खडक तर एके काळी महासागराचा तळच होते. आपला सह्याद्री ज्या लाव्हाने घडला तो सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी वाहिला. तेव्हा आपली जमीन विषुववृत्ताच्याही दक्षिणेला होती. म्हणजे लहानपणापासून ज्याला आपण सगळ्यांत जुना समजतो, त्या काळ्या पत्थरापेक्षा हा शंख जुना.

मी खाली वाकले. एक सुटा शंख, सुपारीएवढा, वाळूत पडला होता. तो उचलला आणि मूठ बंद केली. मनात आलं, शाळेत मुलांच्या हातात देईन. आमच्या मुलांनी जीवाश्म हा शब्द फक्त पुस्तकात पाहिला आहे.

"काय उचललंस?" भाईने विचारलं.

"रिकाज," मी म्हटलं.

उर्दूत जीवाश्माला रिकाज म्हणतात. पण मदरशात आम्ही हा शब्द वेगळ्या अर्थाने शिकलो होतो. फिकहमध्ये रिकाज म्हणजे जमिनीत सापडलेला जुना, पुरलेला खजिना. ज्याला सापडेल त्याने त्याचा पाचवा हिस्सा द्यायचा असतो. भाईलाही ते आठवत होतं. तो म्हणाला, "मग पाचवा हिस्सा तोडून देणार का शंखाचा? ठेव परत. इथून काही न्यायचं नाही, त्या मुलाने खाली सांगितलंय."

मी म्हटलं, "एवढासा तर आहे. एवढे पडलेत."

"येणारा प्रत्येक जण हेच म्हणेल ना."

मी शंख होता तिथे ठेवला. भाई त्याच्याकडे पाहत म्हणाला, "बघ, यांनाही एक्झिट मिळाला नाही."

आम्ही दोघेही हसलो. पण वर जाऊन बसल्यावर मी हिशेब करू लागले. भाई दर दोन वर्षांनी दोन महिने घरी यायचा. 27 वर्षांत फार तर 26 महिने. अब्बांच्या मय्यतीला तो पोहोचला नाही. मुलीचं पहिलं चालणं त्याने पाहिलं नाही. माझ्या बीएडची फी त्याच वर्षांतून आली, घरावरचा स्लॅबही. त्याने त्या वर्षांचा पाचवा हिस्साही स्वतःसाठी ठेवला नव्हता. हे त्याला बोलून दाखवायचं होतं. जमलं नाही. पाण्याची बाटली पुढे केली, तर म्हणाला, "आधी तू पी."

उर्दूत जीवाश्म इंधनाला रिकाजी ईंधन म्हणतात. वर्गात हा शब्द मी कितीदा फळ्यावर लिहिला असेल. आखाताचं तेलही अशाच प्राचीन समुद्रांतल्या सूक्ष्म जीवांपासून बनलेलं आहे. त्या तेलाने आमच्या गावांतली माणसं इकडे ओढली आणि गावांत पक्की घरं उभी राहिली. म्हणजे आमच्या वाट्याचा रिकाज बॅगा भरभरून आधीच घरी आला होता. मूठ मी का उघडली, हे मला तिथे नीट कळलं. नियम होता म्हणून उघडलीच, पण तेवढ्यासाठी नाही.

उतरेपर्यंत असरची वेळ झाली. लहानपणी मदरशात तयम्मुम शिकवताना मौलवीसाहेब वाळवंटातल्या मुसाफिराचं उदाहरण द्यायचे. आमच्याकडे पाणी होतं, तेव्हा वजूच केला. थोड्या पाण्यात, वाळूवर न सांडता. भाई पुढे उभा राहिला, मी मागे. सजद्यात कपाळाला तांबडी वाळू लागली. विचार करा, डोळे उघडे ठेवून पाहा, असं कुरआन वारंवार सांगतं. एरवी मी ते वाचून पुढे जाते. त्या दिवशी कपाळ त्या वाळूवर थोडं जास्त वेळ राहिलं.

सुट्टीनंतर शाळेत मोबाइलवरचा फोटो दाखवला. सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, इतके होते तर एक आणायचा ना?"

मी तिला भाईचंच उत्तर दिलं. मग ती म्हणाली, "माझे अब्बूपण तिकडेच आहेत. त्यांनी पाहिला असेल का हा डोंगर?"

"विचार त्यांना," मी म्हटलं. "आज रात्री फोन आला की विचार. अजून काय काय पाहिलं, तेही विचार."